अर्जातला शब्द अडला, तर विचारा!



उसाची वजनपावती आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. मुलाच्या नोकरीच्या अर्जात मात्र शब्द अडला, की अंदाजाने ‘नाही’ लिहून मोकळे होतो. साकोलीच्या आपल्या पोरांचे नुकसान होते ते इथेच.

‘नॉन-क्रीमी लेयर’ हाच शब्द घ्या. इतर मागासवर्गातील, पण उन्नत गटात न मोडणारा, असा त्याचा अर्थ. उत्पन्नाची मर्यादा 2017 साली 8 लाख रुपये झाली. “आपलं उसाचं बिलच मोठं, आपल्याला कुठला दाखला!” असे म्हणून कित्येक जण कचेरीची पायरीच चढत नाहीत. पण या हिशेबात शेतीचे उत्पन्न धरतच नाहीत! पाहतात ती जमीन. ओलिताची जमीन सीलिंगच्या 85 टक्के किंवा अधिक असेल, तरच सवलत जाते.

दुसरा शब्द ‘समांतर आरक्षण’. प्रत्येक प्रवर्गाच्या आतच महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांना राखलेल्या जागा. पवनीकडे गोसेखुर्द धरणात कुणाची जमीन गेली असेल, तर प्रकल्पग्रस्तांचा 5 टक्क्यांचा वाटा याच रकान्यात आहे. दाखला पेटीत आणि रकाना कोरा, असे होऊ देऊ नका.

तिसरा ‘अधिवास’. म्हणजे जन्मगाव नव्हे, तर राज्यातील कायमचे वास्तव्य.

दाखले जाहिरातीची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. शब्द अडला, तर साकोलीच्या तहसील कचेरीत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सही केली, तर पोराचे वर्ष जाते.