एक रुग्ण, दोन दप्तरे

क्षय आणि एचआयव्ही हे दोन्ही संसर्ग एकाच माणसाला झाले, तर त्याची नोंद दोन वेगळ्या दप्तरांत होते. भारतात एड्स नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ मध्ये आला, तर सुधारित क्षयरोग कार्यक्रम १९९७ मध्ये. दोन्हींची सांगड घालायला २००१ मध्ये सुरुवात झाली, तीही महाराष्ट्रासह एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या सहा राज्यांपुरती.

दोन्ही दप्तरांची रीत निराळी. क्षयरुग्ण आढळला की खासगी डॉक्टरांनीही तो सरकारला कळवायचा, असा आदेश २०१२ पासून आहे आणि ही नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत होते. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र गुप्तता कायद्यानेच बंधनकारक केली आहे. २०१७ चा हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यामुळे नावे जुळवण्याचे काम मोजक्या कर्मचाऱ्यांपुरतेच ठेवावे लागते.

शोध दोन्ही बाजूंनी चालतो. क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी होते. उलट एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला दर खेपेला चार गोष्टी विचारतात: खोकला, ताप, वजनातली घट, रात्रीचा घाम. यातले एकही लक्षण असले, तर थुंकीचा नमुना सीबीनॅट यंत्रावर जातो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या थुंकीत जंतू थोडे असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली सहज निसटतात. सीबीनॅट सुमारे दोन तासांत ते पकडते आणि रिफाम्पिसिन हे क्षयावरचे औषध लागू पडेल का, हेही सांगते. क्षयाच्या या नोंदीवर एचआयव्हीचे पुढचे उपचारही अवलंबून असतात. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाचे रक्तातले प्रमाण घटते, म्हणून ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते. एआरटी केंद्राला क्षयाची खबरच नसेल, तर हा बदल करणार कोण?

आकडे वाचताना खरी गफलत छेदाशी होते. समजा, शंभर क्षयरुग्णांपैकी संशय आलेल्या वीस जणांचीच एचआयव्ही तपासणी झाली आणि पाच बाधित निघाले, तर प्रमाण पंचवीस टक्के दिसते. सगळ्या शंभरांची तपासणी होऊन आठ बाधित निघाले, तर तेच प्रमाण आठ टक्क्यांवर येते. साथ ओसरलेली नसते. तपासणी वाढलेली असते. म्हणून किती रुग्णांची एचआयव्ही स्थिती ठाऊक आहे, हा आकडा आधी पाहायला हवा. वार्षिक अहवालाच्या बातम्यांत नेमका तोच सहसा गाळला जातो.

मृत्यूंच्या नोंदीतही असाच पेच आहे. एचआयव्हीबाधित माणूस क्षयाने दगावला, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार मृत्यूचे मूळ कारण एचआयव्ही धरले जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षयरोग अहवालात एचआयव्ही नसलेल्यांचे आणि असलेल्यांचे क्षयमृत्यू वेगवेगळे दिलेले असतात. क्षयाने एकूण किती माणसे गेली, हे कळण्यासाठी दोन्हींची बेरीज करावी लागते.