टिंबांची देवनागरी

सुबक छपाईचा विषय निघाला की आपणांस शिशाचे खिळे आणि निर्णयसागरासारखे छापखाने आठवतात. परंतु संगणक आल्यापासून शाळांच्या कचेऱ्यांत, बँकांत व सरकारी खात्यांत पुष्कळसा मजकूर खिळ्यांनी नव्हे, टिंबांनी उमटत आला आहे. ते काम करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आज लेझरयंत्रांपुढे मागे पडला असला, तरी नामशेष झालेला नाही. कार्बनप्रती एकाच वेळी काढावयाच्या तर ठोका मारणारे यंत्रच लागते; म्हणून पासबुके व पावत्या अजूनही त्यावर छापल्या जातात. म्हापशासारख्या बाजारपेठेच्या गावी अशी पावती हाती येणे नवलाचे नाही. त्या पावतीवरील देवनागरी नीट का उमटत नाही व नीट कशी उमटवावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या यंत्राच्या हेडमध्ये बारीक पिनांची उभी ओळ असते. हेड कागदावरून आडवे सरकते आणि पिना रिबनवर आपटून टिंबे उमटवितात. सामान्य हेडात ९ पिना असतात व दोन पिनांतील अंतर १/७२ इंच असते. म्हणजे एका फेरीत अक्षराच्या उंचीला अवघी नऊ टिंबे मिळतात. रोमन अक्षराला एवढी पुरतात. देवनागरीचे तसे नाही. तिला तीन मजले आहेत: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. नवांतली दोन टिंबे वर दिली, एक शिरोरेषेस आणि दोन खाली, तर मूळ अक्षरास चारच उरतात. एवढ्यात घ आणि ध, भ आणि म यांतील भेद राखणे कठीण, कारण तो भेद शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. आमच्या ‘बार्देश’ या नावाचेच उदाहरण घ्या. त्यातील ‘र्दे’ या एका अक्षरावर रफार आणि मात्रा दोन्ही बसवावयाच्या आहेत. दोन टिंबांच्या उंचीत त्या एकमेकींत मिसळून जातात.

यावर उपाय दोन. पहिला, एकच ओळ अनेक फेऱ्यांत छापणे. पहिल्या फेरीनंतर कागद १/२१६ इंचाच्या पटीत किंचित सरकवून दुसऱ्या फेरीची टिंबे पहिल्यांच्या मधोमध बसवितात. अक्षर भरीव होते, मात्र वेळ वाढतो. जलद छपाईला ‘ड्राफ्ट’ म्हणतात ती एका फेरीची. सुबक छपाई ती या प्रकारची. दुसरा उपाय २४ पिनांच्या हेडाचा. त्यात उभे अंतर १/१८० इंच असल्याने एका फेरीतही देवनागरीचे तिन्ही मजले बरेच स्पष्ट होतात.

अक्षराच्या आकाराबाबत शिक्षकांचा नेहमी गोंधळ होतो. यंत्राला स्वतःची रोमन अक्षरे ठाऊक असतात व ती संकेतांनी बदलता येतात. एपसन पद्धतीच्या यंत्रांत १५ हा संकेत अक्षरे दाटीची करतो, १८ तो रद्द करतो. इंचाला १० किंवा १२ अक्षरे बसविण्याचेही संकेत आहेत. मराठी मजकूर मात्र बहुधा संगणक स्वतः चित्राप्रमाणे रेखाटून पाठवितो. यंत्राच्या दृष्टीने ते अक्षर नसतेच, टिंबांची नक्षी असते. म्हणून यंत्रावरील बटणे कितीही दाबली तरी मराठी अक्षर लहानमोठे होत नाही. आकार लेखनप्रणालीत ठरवावा आणि छपाईची सूक्ष्मता चालकप्रणालीत निवडावी. इंचाला आठ ओळींची दाटी केली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो. सहा ओळी बऱ्या.

देखभालही तितकीच महत्त्वाची. कागदाच्या जाडीप्रमाणे हेडचे अंतर तरफेने बदलावे; अंतर जास्त झाले तर छपाई फिकी, कमी झाले तर कागद फाटतो. रिबन वेळीच बदलावी. एखादी पिन निकामी झाली तर ओळीतून पांढरी रेघ जाते. रोमन अक्षर त्यातूनही बहुधा वाचता येते. आपल्या लिपीत मात्र अनुस्वारच गेला तर ‘त्यांनी’ चे ‘त्यानी’ होते, ‘पंत’ चे ‘पत’.

येथेच आम्हांस या विषयाचे महत्त्व दिसते. गोमंतकात मुद्रणयंत्र १५५६ साली आले. तरीही फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापावे लागले, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. यंत्र आधी येते, लिपीची सोय मागाहून होते, हा अनुभव संगणकानेही दिला. कानपूरच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेत सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने आणि १९९१ च्या ‘इस्की’ मानकाने ही उणीव पुष्कळ भरून काढली. म्हणून फिके, तुटके अक्षर पाहून ‘मराठीत असेच यायचे’ असे म्हणणे आता अन्यायाचे होईल. विद्यार्थ्याचे नाव गुणपत्रिकेवर शुद्ध उमटणे हा त्याचा हक्क आहे. तो राखण्यासाठी एक फेरी जास्त लागली, तरी ती खुशाल घ्यावी.