विस्तारित वॉरंटी घ्यावी, पण केव्हा?

नवी मोटार ताब्यात घेण्याच्या दिवशी, हार-नारळाची तयारी चालू असताना, विक्रेता आणखी एक कागद पुढे करतो : विस्तारित वॉरंटी. विमा आणि नोंदणीच्या रकमांशेजारी ती बेमालूम बसते. लाखांच्या व्यवहारात काही हजारांची चिकित्सा कोण करतो? परंतु हा निर्णय त्या घाईत घेण्याचे सहसा कारण नसते.

मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी ती वाढवून घेण्याची मुभा बहुतेक कंपन्या देतात. विलंबाने घेतल्यास रक्कम काहीशी चढते, हे खरे. मात्र तेवढ्या अवधीत गाडीचा स्वभाव कळतो आणि आपला वापर किती हेही उमगते. शिवाय ही रक्कम कर्जात मिळवली, तर तीन वर्षांनी सुरू होणाऱ्या संरक्षणावर आजपासून व्याज भरावे लागते.

चूक होते ती मुदत मोजताना. मर्यादा वर्षांची किंवा किलोमीटरची, यांपैकी जी आधी गाठली जाईल ती. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी जुलै २०२४ पर्यंत दोन वर्षे वा ४० हजार किलोमीटर होती. नंतर ती तीन वर्षे वा एक लाख किलोमीटर झाली. मडगावहून पणजीला रोज गाडीने नोकरीस जाणाऱ्याचे जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर होतात. वर्षाला ३०० दिवस धरले तर २१ हजार. जुन्या अटींत त्याची वॉरंटी दोन वर्षांच्या आतच संपली असती. दिनदर्शिकेवर विसंबून तो दुसऱ्या वाढदिवसाला चौकशीला गेला असता, तर खिडकी बंद झालेली आढळली असती. नव्या अटींत त्याच्यासाठी वर्षांची मर्यादा आधी येते. म्हणून ओडोमीटर आणि तारीख, दोन्ही पाहावीत.

स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बोचार्जर किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी सात-आठ वर्षे वापरायची असेल, तर विस्तारित वॉरंटी घ्यावी, असे आमचे मत आहे. यांतील एक भाग बिघडला तरी हप्त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी चौथ्या वर्षी विकायची असेल, तर पैसे वाचवावेत. विजेवरील गाडीत बॅटरीची वॉरंटी बहुधा वेगळी आणि दीर्घ असते, अनेकदा आठ वर्षे. तिच्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर यांची झीज या संरक्षणात येत नाही. आपल्याकडील पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर इंजिनात पाणी शिरले, तर तेही नाही. त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाची जोड लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेचा गंजही सहसा वगळलेला असतो. सर्व्हिसिंग वेळेवर केल्याची नोंद नसेल, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी गाडी अधिकृत केंद्रात नेऊन तपासून घ्यावी. आढळलेले दोष जॉब कार्डवर लिहून घेऊन ते मूळ वॉरंटीतच विनाशुल्क दुरुस्त करून घ्यावेत. वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की विक्रेत्याने दुसऱ्याच कोणाची पुढे केली आहे, हेही कागदावर पाहावे. परराज्यात गाडी बंद पडल्यास तो फरक जाणवतो.