‘डोकंच नाही जी हिला!’

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दुकाने मांडली जातात, जिलेबीच्या कढया चढतात, रात्री दंडार रंगते, आणि सोयरेधायरे या गावचे त्या गावाला निघतात. अशाच दिवसांत गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात बोदलकशाचा तलाव पाहायला मी गेलो होतो. १९१७ साली बांधलेला हा तलाव. सभोवार जंगलाच्या टेकड्या, मध्ये पसरलेले पाणी आणि पाण्यावर हिवाळी पाहुणी बदके. पाळीवर बसून दोन घटका पाखरे पाहावीत, एवढाच माझा बेत होता.

पण पाखरे राहिली बाजूला. मंडईला निघालेले एक कुटुंब सावलीला टेकले होते. नवरा, बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलगी चुणचुणीत दिसत होती. सहज विचारले, “कितवीत आहेस ग?” ती गप्प. उत्तर वडिलांनी दिले.

“चौथीत आहे. पण हिशेबाचं डोकंच नाही जी हिला! गुरुजी विचारतात तर तोंड उघडत नाही. ढ पोर आहे.”

मुलगी शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली. आई ओशाळून म्हणाली, “घरी तर लय बोलते जी.”

मी विषय बदलला. उन्हाळ्यात काय केलेस, असे विचारले. “पुडे बांधले,” ती हळूच म्हणाली. पुडे म्हणजे तेंदूपत्त्याचे. महाराष्ट्रात एका पुड्यात सत्तर पाने धरतात. सुटीत सकाळी आईने पाने तोडून आणायची आणि दुपारी घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, हा तिकडचा परिपाठ.

मी म्हटले, “आईने दहा पुडे बांधले आणि तू पाच. तर पाने किती झाली?”

तिने क्षणभर डोळे मिटले. “हजार आन् पन्नास.”

“कसे ग काढलेस?”

“दहाचे सातशे. पाचाचे त्याच्या अर्धे.”

वडील माझ्याकडे पाहू लागले. मी काडीने मातीत लिहिले : ७० × १५. मुलीने ते पाहिले आणि तिची मान पुन्हा खाली गेली. “हे साळेतलं हाय,” ती म्हणाली.

वाचकहो, या तीन शब्दांत एका पोरीची सारी कहाणी आली. जो हिशेब तिने डोळे मिटून केला, तोच डोळ्यांसमोर लिहिला तेव्हा तिला परका वाटला. अशा मुलाला ढ म्हणून आपण मोकळे होतो. पण ढ कोण? मूल, की त्याची पारख करणारे आपण?

नारळ विकणारी पोरे

ही एकट्या झाडीपट्टीची गोष्ट नाही. ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तेथील रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या पाच मुलांची परीक्षा तीन संशोधकांनी घेतली आणि तिचा वृत्तान्त १९८५ साली प्रसिद्ध केला. मुले नऊ ते पंधरा वर्षांची होती. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. इतके नारळ घेतले तर किती झाले, अमुक नोट दिली तर परत किती, असे विचारीत गेले. शंभरांतली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. पुढे तीच बेरीज, तोच गुणाकार कागदावर मांडून त्याच मुलांपुढे ठेवला. बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा सदतिसावर घसरले!

आपल्याकडेही असेच आढळले आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी व एस्थेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कलकत्ता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आले. बाजारातली मुले तोंडी हिशेब चटकन करीत, पण पुस्तकी उदाहरणापाशी अडत. आणि गंमत अशी, की शाळेत शिकणारी पण बाजार न पाहिलेली मुले बाजारी हिशेबापाशी अडखळत. म्हणजे एका काठावर घरचे गणित, दुसऱ्या काठावर शाळेचे, आणि मध्ये पूल नाही. हा पूल आपोआप होत नाही. कोणीतरी बांधावा लागतो. आईबापांचे खरे काम येथे आहे.

‘पानी’ आणि ‘पाणी’

मुलगी शाळेत बोलत का नाही, हे आईने मागाहून सांगितले. पहिलीत असताना ती वर्गात ‘पानी’ म्हणाली, ‘डोरा’ म्हणाली. मुले हसली. मोठी माणसेही हसली. शाळा कोणती हे सांगण्याचे कारण नाही. असे हसू अनेक ठिकाणी ऐकू येते. त्या दिवसापासून तिने तोंड मिटले ते मिटलेच.

झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. ही चूक नव्हे, त्या बोलीचा नियम आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला आहे. याच मुलखात कित्येक घरांत पोवारी बोलतात, कित्येक घरांत गोंडी. या घरांतली मुले शाळेत येतात तेव्हा रिकामी येत नाहीत, एक भाषा घेऊन येतात. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे.

पण धोरण घरापर्यंत येईतो आपण स्वस्थ का बसावे? मूल ‘पानी’ म्हणाले तर त्याचे बोलणे मध्येच तोडू नये. त्याचे पुरते ऐकून घ्यावे आणि मग सांगावे, “आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात. दोन्ही आपलेच.” एक शब्द हिसकावून दुसरा देण्यापेक्षा दोन शब्द मिळालेले मूल श्रीमंत नाही का?

कोसबाडच्या दोघी

मुलाच्या पायाने चालत शाळेने मुलाकडे जायचे असते, हे महाराष्ट्राला दोन स्त्रियांनी दाखवले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून आलेल्या. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी अभ्यासली होती. पण तिची महागडी साधने गरिबाच्या अंगणात कोठून येणार? १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, खडे, पाने, फुले, बिया हीच त्यांची साधने झाली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतात ती ही. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली वारली मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळा गुरांमागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. पुढे १९७५ साली देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

या दोघींनी जे कोसबाडला केले ते बोदलकशाच्या घरात करायला कोणती अडचण आहे? खडे तलावाकाठी, बिया मोहाखाली, धान अंगणात. झाडीपट्टीतल्या कोहळी मंडळींनी शेकडो तलाव आणि बोड्या बांधल्या. ती विद्या बापाने लेकाला पाटीवर शिकवली नाही. पाळीवर नेऊन शिकवली. पाणी कोठून येते, कोठे अडवायचे, कोणत्या बांधीला आधी द्यायचे, हे पोरगा पाहत, विचारीत, हात लावीत शिकला. आपल्या आजोबांना साधलेले आपल्याला अवघड वाटावे, हे नवल आहे.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट : मुलाच्या देखत त्याला ढ म्हणू नका. मूल आईबापांवर विश्वास ठेवते. तुम्ही ढ म्हणालात तर त्यालाही ते खरे वाटते.

दुसरी : हिशेब आधी हातांनी, मग तोंडाने, मग कागदावर. पुडे मोजून झाले की म्हणावे, “आता हेच लिहून दाखव.” आईला लिहिता-वाचता येत नसेल तर उत्तमच! तिने विचारावे, “काय लिहिलंस ते मला समजावून सांग.” दुसऱ्याला समजावताना मुलाला स्वतःला समजते. मात्र काम हे शिकण्यापुरते असावे. पुड्यांपायी शाळा बुडाली तर सगळेच मुसळ केरात.

तिसरी : मुलाला स्वतः करू द्या. पाणी ओतू द्या, डाळ निवडू द्या, सांडले तर पुसू द्या. आपण घाईने हातातले काढून घेतो आणि वर म्हणतो, याला काही येत नाही.

चौथी : मारू नका. शाळेत मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई आहे. घरात काय कायद्याची वाट पाहायची? भ्यालेले मूल उत्तर शोधत नाही. मार चुकवण्याची वाट शोधते, आणि त्या वाटेवर पहिले ठाणे खोटे बोलण्याचे असते.

पाचवी : मूल मंद वाटले तर आधी त्याचे अंग पाहा. फळ्यावरचे दिसते ना? हाक ऐकू येते ना? पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो. त्याने मूल लवकर दमते, हातपाय दुखतात, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. रक्ताच्या तपासणीने हा आजार कळतो. शाळा व अंगणवाडीतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि सहावी : शाळेत जा. तक्रार घेऊनच जावे असे नाही. त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. “माझी मुलगी घरी असे असे हिशेब करते,” एवढे एका आईने गुरुजींना सांगितले, तरी गुरुजींच्या हाती किल्ली येते. आपले गुरुजी वाईट नसतात. पण मुलाचे घरचे रूप त्यांना कोण दाखवणार?

पाळीवरची शाळा

त्या दिवशी उन्हे कलली तरी ते कुटुंब उठले नाही. मी मातीत लिहिलेले ७० × १५ पुसून टाकले. मुलीला म्हटले, “तू मघाशी बोललीस तेच लिही. दहाचे किती?” तिने काडी घेऊन ७०० लिहिले. “पाचाचे?” खाली ३५० लिहिले. मग माझ्या सांगण्याची वाट न पाहता रेघ ओढली आणि १०५० लिहिले. शेजारी मी पुन्हा ७० × १५ लिहिले आणि म्हटले, “बाई, शाळेतले ते हेच. तुझेच पुडे आहेत.”

ती कितीतरी वेळ दोन्हीकडे पाहत राहिली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, “बाबा, वीस पुड्यांचे सांगा.”

वडील गडबडले. बोटे मोजू लागले. पोरगी हसली, आई पदर तोंडाला लावून हसली. शेवटी तेही हसत म्हणाले, “मला नाही येत बा. तूच सांग.”

आणि तिने सांगितले, मोठ्याने.

मंडईला उशीर झाला होता. निघताना वडिलांनी मला रामराम केला. पण हात मुलीच्या डोक्यावर होता. ज्या डोक्यात काही नाही असे ते सकाळी म्हणत होते, त्याच डोक्यावर.