ब्रेड, बटर आणि ब्लड शुगर

डायबेटिस निघाला म्हणजे ऑफिसखालच्या सँडविचला कायमचा टाटा? छे! फक्त एक सुई, एक छोटं मशीन आणि थोडा हिशेब जमायला हवा...

दुपारचा दीड. फोर्टमधल्या आमच्या ऑफिसच्या खाली, कोपऱ्यावर, सँडविचवाल्या काकांची गाडी. काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आणि उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांचे ढीग. हिरव्या चटणीचा डबा. बटरचा ठोकळा. काका तीन स्लाइस पत्त्यांसारखे मांडतात, सटासट बटर-चटणी फासतात, मसाला भुरभुरतात आणि चिमट्याच्या टोस्टरमध्ये दाबून शेगडीवर धरतात. पाच मिनिटांत सुरीच्या तीन घावांत सहा तुकडे. वर शेव, बाजूला सॉस. सहा वर्षं माझा लंच हाच होता. डबा आणायला सकाळी वेळ कुणाला असतो?

मग कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये एक कागद हाती आला. फास्टिंग शुगर १७१. एचबीए१सी ८.१. वय ३१.

पहिली रिअ‍ॅक्शन अर्थातच, ‘लॅबवाल्यांनी सॅम्पल बदललं असणार!’ पुन्हा टेस्ट केली. तेच. उपाशीपोटी १०० च्या आत म्हणजे नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि पुढे म्हणजे डायबेटिस. एचबीए१सी हा साधारण तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज, तिथे साडेसहाला रेषा. मी दोन्ही रेषा कधीच ओलांडल्या होत्या.

‘पण मी तर बारीक आहे!’ हे माझं पुढचं वाक्य. डायबेटिस म्हणजे ढेरीवाले काका, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबीदार, हा आपला अस्सल भारतीय साचा. वजनकाटा आपल्याला गोड बोलून फसवतो, तो असा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात डायबेटिस असलेले १० कोटींवर आहेत आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींहून जास्त. म्हणजे सँडविचच्या रांगेत मी काही एकटी नाही.

घरी मात्र सुतकी वातावरण. कारण आमच्याकडे हा पाहुणा आधी येऊन गेलेला. बाबांना शुगर निघाली तेव्हा आईने एका रात्रीत सगळं बंद केलं. भात, बटाटा, ब्रेड, आंबा. बाबा मुकाट्याने ‘हो’ म्हणाले आणि वर्षानुवर्षं चोरून खात राहिले. त्यांच्या कपाटात शर्टांखाली मावा केकचं खोकं सापडलं, तोवर त्यांच्या डोळ्यांना लेझर घ्यायची वेळ आली होती. त्यामुळे माझा रिपोर्ट पाहिल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, ‘ते सँडविच आजपासून बंद.’ आणि दुसरं, जरा हळू आवाजात, ‘लग्नाचं बघतोय आपण. ऑफिसात कुणाला बोलू नकोस.’

दोन्हींना मी मान डोलावली. अगदी बाबांसारखी.

डॉक्टर मॅडम मात्र निराळ्या निघाल्या. गोळ्या लिहून दिल्या, डोळ्यांची आणि किडनीची तपासणी सांगितली आणि म्हणाल्या, ‘बंद काय करायचं ते नंतर बघू. आधी जे खातेस तेच खा, पण मोजून ये. पहिल्या घासाच्या आधी एकदा आणि त्यानंतर दोन तासांनी एकदा.’ माझ्यासाठी टार्गेट ठरलं, दोन तासांनी १८० च्या आत. (तुमचं वेगळं असू शकतं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

तपकिरी फसवणूक

सोमवारी नेहमीचं तीन मजली मसाला टोस्ट, वर वेफर्स आणि साखरेची कटिंग. आधी १२८, नंतर २४६. धक्काच! साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण १२ ते १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. तीन स्लाइस, आत बटाटा, वर शेव, सॉसमध्ये साखर... हिशेब वाढतच जातो आणि आपण मात्र ‘व्हेज आहे, हेल्दी आहे’ म्हणत बसतो.

बुधवारी मी हुशारी केली. घरून ब्राऊन ब्रेड नेला आणि काकांना म्हटलं, ‘बाकी सगळं तसंच करा.’ काकांनी माझ्याकडे पाहिलं, ब्रेडकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. नंतरचा आकडा? २३८! एवढ्यासाठी मी जादा पैसे मोजले होते.

नंतर पाकीट उलटून वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मैदा, आणि तो देखणा तपकिरी रंग कॅरॅमलचा. ‘मल्टिग्रेन’चीही पुष्कळदा हीच कथा, सात धान्यं असतात पण रांगेत सगळ्यात शेवटी. बरं, खराखुरा गव्हाचा ब्रेड असला तरी फार हुरळून जायला नको. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स सरासरी ७५ आहे आणि होलव्हीटचा ७४! कोंडा असला तरी पीठ इतकं बारीक दळलेलं असतं की साखर व्हायला वेळ लागत नाही. अख्खे दाणे, जाडसर भरडलेलं धान्य दिसत असेल, तर ब्रेड जरा सावकाश पचतो. फायबरसाठी गव्हाचा जरूर घ्या, पण रंग पाहून स्लाइस वाढवू नका.

काकांशी वाटाघाटी

मग सुरू झाली खरी गंमत. तिसरी स्लाइस गेली. तिचं कुणालाच वाईट वाटलं नाही, ती तशीही ओलसर होऊन मध्ये पडलेली असायची. बटाटा गेला, त्याच्या जागी दुप्पट काकडी-टोमॅटो. सॉस गेला. हिरवी चटणी राहिली, कारण तिच्याशिवाय सँडविच म्हणजे आजारी माणसाचं जेवण. बीटच्या दोन चकत्याही राहिल्या. बीट गोड म्हणून त्याला घाबरणारे पुष्कळ भेटतात, पण दोन पातळ चकत्यांत साखर ती किती असणार? बटर पातळ झालं, ते शुगरपेक्षा हृदयासाठी, कारण डायबेटिसवाल्यांना तीही काळजी घ्यावी लागते. आणि पनीरचे जाड काप मी डब्यातून आणायला लागले. ‘मॅडम, आता आमची सुरी तेवढी राहिली!’ काका म्हणाले.

पण सगळ्यात भारी फंडा म्हणजे खाण्याचा क्रम. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमध्ये २०१५ साली अकरा डायबेटिसवाल्यांवर एक छोटा प्रयोग झाला. जेवण तेच, ब्रेड, ज्यूस, चिकन, भाज्या. एकदा ब्रेड-ज्यूस आधी, एकदा भाज्या-चिकन आधी. भाज्या-प्रोटीन आधी खाल्ल्यावर तासाभरानंतरची शुगर तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी भरली. प्रयोग लहान आहे, मान्य. पण करून बघायला पैसे पडत नाहीत. आता सँडविच उघडून आधी काकडी वेचून खायची का? नाही हो! मी जागेवर बसूनच वाटीभर मोड आलेले मूग किंवा एक उकडलेलं अंडं खाते आणि मग खाली उतरते.

आणि नंतर चालते. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात जेवणानंतर प्रत्येकी दहा मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची शुगर, दिवसातून कधीतरी एकदम अर्धा तास चालणाऱ्यांपेक्षा सरासरी १२ टक्क्यांनी कमी होती. माझ्यासाठी हॉर्निमन सर्कलच्या बागेला दोन फेऱ्या. लंच अवरमध्ये मोबाइलवर जे गॉसिप बसून करता, तेच चालताना करा.

शुक्रवारचा आकडा : आधी १३१, नंतर १६९. मी काकांना मशीन दाखवलं. त्यांना काही कळलं नसावं, पण ते हसले.

घरी बनवणाऱ्यांसाठी एक जाता जाता. ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवून मग टोस्ट केला तर त्यातल्या थोड्या स्टार्चची रचना बदलते आणि शुगर कमी चढते, असं ऑक्सफर्ड ब्रुक्समधल्या २००८ च्या प्रयोगात दिसलं. तो दहा निरोगी माणसांवरचा होता, त्यामुळे ह्याच्या भरवशावर चार स्लाइस खाऊ नका.

दुपारी साडेतीन

आता जी गोष्ट सांगते, ती आईला ठाऊक नाही. एका गुरुवारी प्रेझेंटेशन लांबलं. दीडचा लंच साडेतीनला गेला. माझ्या गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. मेटफॉर्मिन एकटं असताना सहसा शुगर फार खाली नेत नाही, ग्लिमेपिराइड मात्र पोट रिकामं असेल तर नेऊ शकतं. इन्शुलिनही तसंच. हात थरथरायला लागले, घाम फुटला, स्लाइडवरची अक्षरं विरघळायला लागली. बॉसला वाटलं, मी नर्व्हस आहे. बाहेर येऊन मोजलं, ६२. ७० च्या खाली म्हणजे धोका.

शेजारच्या डेस्कवर कुणाचं तरी चीज सँडविच होतं. मी त्याचाच लचका तोडला. चूक! चीज-बटरमधल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो आणि तेव्हा उशीर परवडत नाही. हवी असते सरळ साखर, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे पाण्यात ढवळून किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं. सँडविच त्याच्यानंतर. ज्याचं सँडविच पळवलं, त्याला हे काहीच माहीत नव्हतं. मी बेशुद्ध पडले असते तर त्याने बहुतेक तोंडावर पाणी मारलं असतं.

त्या संध्याकाळी टीममधल्या दोघांना सांगितलं. ड्रॉवरमधली ग्लुकोजची पुडी दाखवली. मॅडमनी गोळ्यांचा डोसही बदलला. (गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, मीही केली नाही.) दोघांपैकी एकजण थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘माझा फास्टिंग ११८ आलाय. घरी बोललो नाहीये.’ आता तोही रांगेत माझ्या मागे उभा असतो, ‘मॅडमसारखंच’ अशी ऑर्डर देतो आणि पनीर माझ्याच डब्यातलं खातो.

एचबीए१सी सध्या ६.८ आहे. वाढदिवसाला डबल चीज ग्रिल खाल्लं, तीन स्लाइसचं, सॉससकट. दोन तासांनी २१४. वहीत लिहून ठेवलं, लपवलं नाही.

राहता राहिली आई. ती हा अंक घेत नाही. पण शेजारच्या काकू घेतात, म्हणजे शनिवारपर्यंत फोन येईलच.