पोस्ट म्हणजे हरकत नव्हे

विकास आराखड्याविरुद्ध समाजमाध्यमावर लिहिले की हरकत नोंदली गेली, असा समज नवी मुंबईतही आढळतो. हरकत (आराखड्यातील विशिष्ट बाबीवरचा लेखी आक्षेप) महापालिकेकडे मुदतीत पोहोचावी लागते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची नाराजी सभेच्या इतिवृत्तात येत नाही, तसेच हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार लेखी हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे म्हणणे मांडता येते. हजारो लाइक मिळालेल्या पोस्टला तो हक्क नाही. 1992 मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेचा पहिला प्रारूप आराखडा थेट ऑगस्ट 2022 मध्ये आला, म्हणून ही संधी फार मोलाची होती. पोस्ट निरुपयोगी मुळीच नाही: मुदत, भूखंड क्रमांक, अर्जाचा नमुना शेजाऱ्यांपर्यंत तीच झटपट पोहोचवते. अर्ज मात्र पोच घेऊनच द्यावा.