कोडाची वाटणी

शेताची वाटणी झाली की बांध पडतो, घराची झाली की भिंत उभी राहते. टेलिफोनच्या कोडाची वाटणी झाली तर बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त एका सकाळी आपल्या नंबराचे आडनाव बदललेले असते!

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त मी सुप्याला होतो. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव पारनेर तालुक्यातले, म्हणून कोडही पारनेरचा, ०२४८८. नगरकडे गेले की ०२४१, पुण्याकडे निघाले की शिरूरला ०२१३८. एस.टी.च्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी तालुका बदलल्याचे कळे.

आमच्या एका खातेदाराचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला होता. वडिलांच्या वहीत त्याच्या नंबराचा कोड आधी २०१. १९९१ मध्ये त्या कोडाची वाटणी झाली आणि एडिसनला ९०८ मिळाला. १९९७ मध्ये त्याचीही वाटणी होऊन ७३२ आला. वहीत दोनदा खाडाखोड! म्हातारबांनी काळजीने विचारले, "साहेब, पोरगं एकाच घरात राहतंय ना?" पोरगा जागचा हलला नव्हता, हलला होता तो कोड.

अमेरिकेत कोड तीन आकडी आणि नंबर सात आकडी, हे पक्के ठरलेले. नंबर संपत आले की मुलूख तोडायचा, एका भागाकडे जुना कोड ठेवायचा आणि दुसऱ्याला नवा द्यायचा. १९८४ मध्ये न्यूयॉर्कचा मानाचा २१२ मॅनहॅटनकडे राहिला, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या वाट्याला ७१८ आला. थोरल्याला वाडा, धाकट्याला माळरान! पुढे दुसरी तोड निघाली. २००१ मध्ये ७३२ च्याच मुलखात ८४८ हा जोडकोड आला. कुणाचा नंबर बदलला नाही, पण शेजाऱ्यालाही दहा आकडे फिरवणे आले.

आपल्याकडे कोड तोडण्याऐवजी नंबर लांबवले गेले. जुन्या नंबरांपुढे २ लागला आणि २००३ च्या आराखड्याने शून्य सोडून कोड व नंबर मिळून दहा आकडे ठरले. पुण्याचा कोड दोन आकडी, नंबर आठ. नगरचा कोड तीन, नंबर सात. पारनेरचा कोड चार, नंबर सहा. गाव लहान तितका कोड लांब! दोनने सुरू होणारे सहा आकडी नंबर एक लाख होतात. सुप्याला एमआयडीसी आली, कारखाने आले, पण लोकांच्या खिशात मोबाईलही आला. ०२४८८ शाबूत राहिला.

कोड बदलला की दुकानाची पाटी, पावतीपुस्तके, दवाखान्याचा फलक, सगळे नव्याने करावे लागते. तो खर्च वाटणी करणारा देत नाही, ज्याच्या वाट्याला नवा कोड येतो तो देतो. म्हणून फेब्रुवारी २०२५ मधली दूरसंचार नियामक प्राधिकरणाची शिफारस मला पटते. लँडलाइनवरून लँडलाइनला, अगदी गावातल्या गावातही, शून्य, कोड आणि मग नंबर लावायचा. नंबर मात्र कुणाचाच बदलायचा नाही. निम्म्यांनी आपला नंबर गमावण्यापेक्षा सर्वांनी चार आकडे जास्त फिरवलेले बरे. वाटणीपेक्षा एकत्र कुटुंबातली ही थोडी गैरसोय परवडते.

मात्र घरात आजी-आजोबा लँडलाइनवर विसंबून असतील, तर त्यांच्या फोनशेजारी ते आकडे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याचे काम प्राधिकरणाचे नाही. ते आपले आहे.